घरचा तलाव, पाहुण्यांची मुले आणि कुंपणाचा वाद

प्रश्न : कर्जतजवळच्या आमच्या बंगल्यात दोन वर्षांपूर्वी पोहण्याचा तलाव बांधला. तो तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद असून एका टोकाला साडेतीन फूट, तर दुसऱ्या टोकाला साडेपाच फूट पाणी असते. दिवाणखान्याचे सरकते काचेचे दार उघडले की चार पावलांवर पाणी. येत्या मे महिन्यात धाकट्या जाऊबाई मुलांना घेऊन राहायला येणार आहेत. त्यांचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि मुलगी तीन वर्षांची. बंगल्याची राखण करणारे जोडपे मागच्या खोलीत राहते. त्यांनाही चार वर्षांची मुलगी आहे. मला तलावाभोवती कुंपण हवे आहे. पतींचे म्हणणे असे की कुंपणाने शोभा जाईल, आणि मुले पाण्यात असतात तेव्हा आपण सगळे तिथेच असतो. पुढे शनिवार-रविवारी बंगला भाड्याने देण्याचाही विचार चालू आहे. मी उगाच घाबरते आहे का? पाहुण्यांना न दुखावता नियम कसे सांगावेत? आणि त्यांच्याकडून जबाबदारीच्या कागदावर सही घेतली तर ते पुरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण उगाच घाबरत नाही. कुंपण हवेच, ते चारही बाजूंनी हवे, आणि जाऊबाई मुलांना घेऊन येण्यापूर्वी हवे. शोभेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. पण आपल्या पतींचा दुसरा मुद्दा, म्हणजे ‘आपण सगळे तिथेच असतो’ हा, अधिक काळजीपूर्वक तपासायला हवा, कारण तलाव असलेल्या बहुतेक घरांतील माणसे मनापासून हेच मानत असतात.

या म्हणण्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. मूल बुडते ते पोहण्याच्या वेळीच, ही पहिली. आणि बुडणारे मूल आरडाओरडा करते, हात हलवते, म्हणजे आपल्याला कळतेच, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत अमेरिकेतील अभ्यासांतून वारंवार असे दिसले आहे की, घरच्या तलावात बुडालेली बरीच मुले त्या वेळी पाण्याजवळ असणे कोणाला अपेक्षितच नव्हते. सकाळचे पोहणे आटोपलेले असते, मुलांचे केस पुसून कोरडे कपडे घातलेले असतात, मोठी माणसे पाने वाढण्याच्या गडबडीत असतात. सरकते दार हातभर उघडे राहिलेले असते आणि सकाळच्या खेळातला चेंडू अजून पाण्यावर तरंगत असतो. तीन वर्षांची मुलगी काठावर बसून चेंडूकडे हात लांबवते. ती पाण्यात उतरायला गेलेली नसतेच, ती चेंडू घ्यायला गेलेली असते. अशा वेळी ‘सगळे तिथेच’ असतात हे खरे; पण प्रत्येकाला वाटत असते की ती दुसऱ्या कोणाजवळ आहे.

आणि राखणदाराच्या मुलीचे काय? आपल्या पत्रात तिचा उल्लेख एका वाक्यात येऊन गेला आहे, परंतु माझ्या मते या तलावाचा सर्वांत जास्त धोका तिलाच आहे. जाऊबाईंची मुले तिथे आठवडाभर राहतील; ही मुलगी बाराही महिने तिथेच आहे. सोमवार ते शुक्रवार बंगला बंद असतो, वडील सिलिंडर आणायला गावात गेलेले असतात, आई मागे कपडे धूत असते आणि तलाव उघडा असतो. त्या कुटुंबाने आपल्याकडे कधी कुंपण मागितले नसेल. नोकरीच्या ठिकाणी मालकाकडे अशी मागणी करणे कोणालाही सोपे नसते. म्हणून हा विचार आपणच करायला हवा.

आता दुसरे गृहीतक. न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड बीचवर काम केलेले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी १९७०च्या दशकात बुडणाऱ्या माणसांचे प्रत्यक्ष चित्रीकरण करून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला. त्यात दिसले ते असे : बुडणारा माणूस हाक मारत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर येते तो क्षणभराचा वेळ श्वास घेण्यातच जातो. तो हात वर करून हलवत नाही. त्याचे हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभे असते, डोके मागे कललेले असते, तोंड पाण्याच्या पातळीवर असते आणि पाय मारण्याची हालचाल जवळजवळ नसते. अशी धडपड साधारण २० ते ६० सेकंद चालते आणि मग माणूस खाली जातो. काठावर बसलेल्याला हे मूल पाण्यात उभे राहून आकाशाकडे पाहत आहे असेच वाटू शकते. पाण्यातल्या मुलांचा गलबला एकाएकी थांबला, तर आधी प्रत्येक चेहरा शोधावा.

म्हणूनच माणसाच्या लक्षावर सगळी भिस्त ठेवता येत नाही आणि मध्ये अडथळा उभा करावा लागतो. ऑस्ट्रेलियातील राज्यांत घरच्या तलावाला कायद्यानेच कुंपण घालावे लागते. फ्रान्समध्ये २००३च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांसाठी कुंपण, आच्छादन, बंदिस्त छत किंवा गजर यांपैकी किमान एक व्यवस्था सक्तीची झाली. या देशांतील मापे आपल्यालाही उपयोगी पडतील. कुंपणाची उंची किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट असावी. पाच फूट असल्यास अधिक चांगले. उभ्या गजांमधील आणि जमिनीलगतची फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला असू नयेत, कारण मुले त्यांची शिडी करतात. त्याच कारणाने कुंपणालगत कुंडी, खुर्ची, बाकडे किंवा झाडाची खालची फांदी असू नये. आणि महत्त्वाचे म्हणजे बंगल्याची भिंत ही कुंपणाची चौथी बाजू धरू नये. आपल्याकडे नेमके दिवाणखान्याचे दारच तलावाकडे उघडते; तीन बाजूंना उत्तम कुंपण घातले आणि ही बाजू मोकळी ठेवली, तर घरातल्या मुलांच्या दृष्टीने काहीच केले नाही असे होईल.

फाटकावर तर मी कुंपणाहूनही अधिक खर्च करायला सांगेन. ते पाण्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे बाहेर उघडणारे असावे, स्प्रिंगच्या बिजागरीने आपोआप मिटावे आणि त्याची खिट्टी आपोआप पडावी. खिट्टी जमिनीपासून दीड मीटर उंच असावी. कारागीर काम संपवून जाण्यापूर्वी एक परीक्षा घ्या : फाटक जेमतेम वीतभर उघडून सोडून द्या. तेवढ्या वेगानेही ते स्वतःहून मिटून खिट्टी ‘खट्’ करून बसली पाहिजे. बसली नाही तर बिजागरी घट्ट करून घ्या. कोकणालगतच्या दमट हवेत लोखंडी स्प्रिंग लवकर गंजतात, त्यामुळे दर महिन्याला ही परीक्षा पुन्हा घ्यावी. फाटकाला विटेचा टेकू देऊन ते उघडे ठेवण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडून काढावी लागेल. चहाचे ट्रे घेऊन ये-जा करणाऱ्यांना तो मोह होतोच.

शोभेचे म्हणाल, तर टफन्ड काचेचे कुंपण बसवता येते आणि त्यातून पाणी व पलीकडचे डोंगर तसेच दिसतात. ते महाग पडते. खर्च नको असल्यास जमिनीत नळ्या बसवून त्यांत उभे करता येणारे ताणलेल्या जाळीचे कुंपण मिळते. मोठ्यांच्या कार्यक्रमाच्या दिवशी ते काढून ठेवता येते. पण काढणे सोपे आहे म्हणून ते काढलेलेच राहते, आणि मग राखणदाराची मुलगी पुन्हा उघड्या तलावाशेजारी राहू लागते. त्यामुळे परवडत असेल तर कायमचे कुंपण बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुंपणानंतर लक्ष ठेवण्याची गोष्ट येते. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असे सांगण्याऐवजी एका माणसाचे नाव घ्या. ‘दादा, अकरा ते सव्वाअकरा पाण्यावर नजर तुमची, त्यानंतर वहिनींची’ असे उघड ठरवावे. ज्याची पाळी आहे त्याच्या गळ्यात शिट्टी असावी, हातात मोबाइल नसावा, पोटात मद्य नसावे आणि त्याला पोहता येत असावे. पंधरा मिनिटांनी पाळी बदलावी, कारण त्याहून जास्त वेळ एकाग्रतेने पाण्याकडे पाहणे कठीण जाते. तीन वर्षांच्या मुलीबरोबर तर मोठे माणूस पाण्यातच, हात लांबवला की ती हाताशी येईल इतक्या अंतरावर हवे. दंडाला घालायचे हवेचे फुगे आणि कमरेभोवतीचे बदकाचे टायर ही खेळणी आहेत. त्यांतून मूल निसटते किंवा उलटे होते. द्यायचेच असेल तर मापाचे लाइफ जॅकेट द्यावे. सात वर्षांचा मुलगा उन्हाळी वर्गात पोहायला शिकला असेल तर चांगलेच आहे, परंतु तेवढ्याने त्याच्यावरची नजर कमी करू नये. आणखी एक लहानशी पण उपयोगाची गोष्ट : मुलांना निळे किंवा पांढरे पोहण्याचे कपडे घेऊ नका. निळ्या फरशीच्या तलावात तळाशी गेलेले निळे कपडे दिसत नाहीत. भडक केशरी दिसतात.

मोठ्या पाहुण्यांचा धोका वेगळा आहे. आपल्याकडील पुष्कळ प्रौढांना पोहता येत नाही, पण साडेतीन फूट पाणी पाहून ते निर्धास्त उतरतात. उथळ बाजूने गप्पा मारत चालत गेले की पायाखाली उतार लागतो, तो गुळगुळीत असतो आणि पाच फूट उंचीच्या बाईसाठी साडेपाच फूट पाणी म्हणजे डोक्यावरून पाणी. उतार जिथे सुरू होतो तिथे तलावाच्या रुंदीभर तरंगत्या गोळ्यांची दोरी बांधावी आणि काठावर जागोजागी खोली फूट व मीटरमध्ये ठळक लिहावी. साडी, ओढणी, जीन्स अशा कपड्यांत कोणी उतरू नये. ओली ओढणी हातापायांत अडकते. आपल्या तलावात कोणीही, कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी, डोक्याच्या बाजूने सूर मारू नये. सूर मारण्यासाठी साधारण नऊ फूट खोली लागते. साडेपाच फुटांत मान मोडून माणूस कायमचा अपंग होऊ शकतो. पाण्याखाली कोण जास्त वेळ श्वास रोखून राहतो ही पैजही बंद करावी : आधी भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घेण्याची ऊर्मीच उशिरा येते आणि चांगला पोहणाराही आतल्या आत बेशुद्ध होतो. फेफरे येणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारून आणि सोबत माणूस असतानाच पाण्यात जावे. ज्याने मद्य घेतले, त्याचे पोहणे त्या दिवसापुरते संपले. या बाबतीत मित्रांची मने सांभाळण्याच्या भानगडीत पडू नका. वाईट वाटले तरी सकाळपर्यंत ते ओसरते.

यंत्रणेची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी, पण काय विचारायचे ते आपल्याला ठाऊक असावे. तळाशी पाणी ओढणारी जाळी असते. ती तुटलेली असेल किंवा पंपाला जोडलेले तोंड एकच असेल, तर ते झाकले जाताच प्रचंड ओढ निर्माण होते आणि केस, कपडा किंवा मुलाचे शरीर तिथे धरले जाते. २००२मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रॅमी बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडात अशीच ओढली जाऊन मरण पावली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात होती. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७मध्ये तिच्याच नावाने अशा जाळ्यांसंबंधीचा कायदा झाला. आपल्या तलावात एकमेकांपासून किमान तीन फूट अंतरावर दोन तोंडे आणि फुगीर, स्क्रूने घट्ट बसवलेल्या जाळ्या आहेत का, हे पाहून घ्या. पंपाची कळ कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवावे. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच असावेत, तलावाच्या सर्व वीजजोडण्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, असावा आणि अर्थिंग दर पावसाळ्यापूर्वी तपासावे. गाण्यांच्या स्पीकरची एक्स्टेन्शन वायर काठावर आणू देऊ नका.

पाणी स्वच्छ असणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. काठावर उभे राहून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी तलाव बंद ठेवावा, कारण तळाशी गेलेले मूलही दिसणार नाही. पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप) ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत एक ते तीन भाग) राहील असे पाहावे. तपासणीचा संच स्वस्त असतो. क्लोरीनची पावडर आणि अ‍ॅसिड एकाच खोलीत शेजारी ठेवू नये, एकाच डब्याने मोजू नये. ते एकत्र आले की विषारी वायू निघतो. औषध नेहमी पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये. हे सर्व राखणदाराला मराठीत लिहून, खोलीच्या दारावर लावून द्यावे, कारण मापे तोच टाकणार आहे.

पावसाळ्यात तलाव रिकामा करून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती मला भरलेल्या तलावाइतकीच धोक्याची वाटते. खोल बाजूला दोन-तीन फूट पावसाचे पाणी साठते, उतारावर शेवाळ धरते आणि घसरून आत पडलेल्या मुलाला शिडी हाताला लागत नाही. कुंपणाचे फाटक त्या काळातही बंदच असायला हवे. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरू नये. कर्जतच्या बाजूला मेअखेरीस आणि परतीच्या पावसात हे हमखास होते.

काठावर एक लांब बांबू आणि दोरी बांधलेली तरंगती रिंग कायम टांगलेली असावी. कोणी बुडताना दिसले तर पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी मारू नये. वाचवायला गेलेला दुसरा आणि तिसराही बुडतो. काठावर आडवे पडून बांबू पुढे करावा, रिंग फेकावी, काहीच नसेल तर साडी किंवा चादर फेकावी. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे धरणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे आपल्याकडे सर्रास केले जाते आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. पोट दाबल्याने उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. श्वास चालत नसेल तर एकाने १०८ किंवा ११२ला फोन लावावा आणि दुसऱ्याने लगेच सीपीआर, म्हणजे तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे, सुरू करावा. बुडालेल्याच्या बाबतीत आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, असे चालू ठेवावे. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. प्राणवायूविना मेंदूला चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते आणि कर्जतच्या आतल्या रस्त्याने रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचणार नाही. म्हणून आपण उभयता आणि राखणदार जोडपे, चौघांनीही सीपीआरचे प्रशिक्षण प्रत्यक्ष पुतळ्यावर घ्यावे. वाचून हे जमत नाही. नाकातोंडात पाणी जाऊन नंतर शुद्धीवर आलेल्याला खोकला किंवा धाप लागत असेल, तर ‘आता बरे वाटते’ यावर न थांबता त्याला रुग्णालयात न्यावे.

पाहुण्यांना सांगण्याची वेळ ही बॅगा उघडण्यापूर्वीची असते. मुले पाण्यात उतरल्यावर नियम सांगायला गेलात तर तो रसभंग वाटतो आणि जाऊबाईंना आपल्या मुलांवर ठपका ठेवल्यासारखे वाटू शकते. दारातच पाणी देताना म्हणावे, ‘आधी तुम्हाला तलाव दाखवते, मग चहा घेऊ.’ तिथे नेऊन फाटक, खोल बाजू, बांबू आणि पंपाची कळ दाखवावी आणि म्हणावे, ‘आमच्या घरी फाटकाची खिट्टी मोठी माणसेच काढतात, आणि पाण्यावर नजर ठेवायची पाळी लावतो. पहिली पाळी माझी.’ नियमाची सुरुवात स्वतःपासून केली की तो कोणाला लागत नाही. जाऊबाईंशी त्याआधी फोनवरही बोलावे. आपली मुलगी सुरक्षित राहावी म्हणून कोणीतरी एवढा विचार केला आहे, याचा आईला आनंदच होईल.

सहीच्या कागदाबद्दल सांगायचे, तर तो घेण्यास हरकत नाही, पण त्याच्या आधारावर निश्चिंत होऊ नका. ‘स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे’ असा फलक किंवा कागद निष्काळजीपणा पुसून टाकत नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समोरच्याने आधी सही केली म्हणून गुन्हेगारी जबाबदारी संपत नाही. शिवाय लहान मुलाच्या जिवाची जोखीम आईवडिलांच्या सहीने कोणाच्या माथी टाकणार? भाड्याने देताना पैसे घेतले जातात, म्हणजे ग्राहक संरक्षण कायद्याचाही संबंध येऊ शकतो. वकिलांचा सल्ला घ्यावा आणि तलावातील अपघात घराच्या विम्यात धरलेला आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

भाड्याने देण्याचा निर्णय माझ्या हातात असता, तर कुंपण, जाळ्या आणि वीज या तिन्ही गोष्टी पूर्ण होईपर्यंत मी तो पुढे ढकलला असता. परक्या मंडळींचा मोठा गट आला की तिथे आपण नसता, आणि राखणदार स्वयंपाकघर व गेट यांच्यामध्ये धावत असतो. त्याला जीवरक्षक समजू नये. अशा दिवसांसाठी प्रशिक्षित जीवरक्षक नेमून त्याचे पैसे भाड्यात धरावेत आणि सूर्यास्तानंतर फाटकाला कुलूप लावावे.

मेपर्यंत कायमचे कुंपण होत नसेल, तर निदान हे करावे : जाळीचे तात्पुरते कुंपण आजच मागवा, सरकत्या दाराला वरच्या बाजूला, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी कडी आणि उघडताच वाजणारी घंटी बसवा, पोहणे संपताच पाण्यावरची सर्व खेळणी उचलून कपाटात ठेवा. राखणदाराच्या खोलीचे दार तलावाच्या बाजूला उघडत असेल तर त्या बाजूची जाळी सर्वांत आधी उभी करून घ्या. आणि इतके करूनही कुंपण वेळेत उभे राहिले नाही, तर जाऊबाईंचा मुक्काम ठाण्याच्या घरीच ठेवावा.